शिवणारीचं नाव



मागच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. दुपारची भांडी आवरून मी हॉलमध्ये आले, तर माझी लेक जमिनीवर बसून तिच्या लहानपणीची चटई कापत होती. एकमेकांत अडकवायचे रंगीत चौकोन असतात ना, रांगणारं मूल पडलं तर लागू नये म्हणून आपण अंथरतो, तीच. पुढे कुणाच्या बाळाला होईल म्हणून मी ती माळ्यावर जपून ठेवली होती, आणि ही कटरने तिचे तुकडे करत होती.

"अगं, काय चाललंय हे?"

"बूट करतेय, आई."

चटईचे बूट! मला वाटलं चेष्टा करते. मग तिने मोबाईलवर एक चित्र दाखवलं. निळा अंगरखा, गुडघ्यापर्यंत बूट, जाड हातमोजे, डोक्याला उडताना घालायची टोपी, अशी एक मुलगी. 'नाउसिका ऑफ द व्हॅली ऑफ द विंड' या जपानी चित्रपटातली ही राजकन्या. चित्रपट १९८४ सालचा, दिग्दर्शक हायाओ मियाझाकी. लेकीला तिच्यासारखा पूर्ण पोशाख करून एका संमेलनाला जायचं होतं. विकत आणायचा नाही, भाड्याने घ्यायचा नाही, स्वतः घरी करायचा. याला 'कॉस्प्ले' म्हणतात.

दहावी झालेली मुलगी, अभ्यास सोडून सोंगं कसली करते, हा माझा पहिला विचार. दुसरा विचार चामड्याचा. बूट, मोजे, टोपी, सगळं चामड्याचं दिसत होतं. मी म्हटलं, "आपल्या घरात चामडं येत नाही, माहीत आहे ना?" ती म्हणाली, "म्हणून तर चटई कापतेय. आणि आई, ही राजकन्या किडे मारत नाही. राक्षसाएवढे किडे चवताळून येतात, तरी ती त्यांना शांत करून परत पाठवते. सगळं गाव घाबरतं, ही घाबरत नाही."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. मी शिलाई मशीनवरचं झाकण काढून दिलं.

पुढचे दोन महिने आम्ही दोघी शिकलो. ती फोम शिकली, मी तिच्याबरोबर शिकले, आणि कापडाचं काम ती माझ्याकडून शिकली. शिकता शिकता मला प्रश्न पडला, हे सुरू कुणी केलं? सूर्यास्ताआधी जेवणं आटोपली की संध्याकाळी मी वाचत बसायची. जे सापडलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण ही गोष्ट शिवणाऱ्या बायकांची आहे आणि तिचा आपल्या घरांशीही संबंध आहे.

आधी कॉस्प्ले म्हणजे काय ते सांगते. शाळेतल्या फॅन्सी ड्रेसमध्ये आपण मुलाला फेटा बांधला, मिशी काढली, दोन वाक्यं पाठ करून घेतली की झालं. कॉस्प्लेमध्ये माणूस एखाद्या कथेतलं, चित्रपटातलं किंवा चित्रकथेतलं आवडतं पात्र निवडतो आणि त्याचा पोशाख, केस, दागिने, हातातली वस्तू, सगळं जितकं हुबेहूब होईल तितकं करतो. हातातल्या वस्तूंना ते प्रॉप म्हणतात. यात घालून मिरवणं थोडा वेळ आणि करणं महिनोन् महिने.

आता सुरुवातीकडे जाऊ. १९३९ चा जुलै महिना. न्यूयॉर्क शहरात विज्ञानकथा वाचणाऱ्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. नाव जागतिक असलं तरी जमलेली माणसं साधारण दोनशे. बहुतेक तरुण मुलं, कोट-टाय घालून आलेली. त्यांच्यात दोघंच वेगळी. लॉस एंजेलिसहून आलेला फॉरेस्ट ॲकरमन नावाचा बावीस वर्षांचा तरुण आणि त्याच्याबरोबर मर्टल डग्लस. ती त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. त्याच्या अंगावर खांद्यावरून सोडलेला झगा आणि भविष्यकाळातल्या माणसाचा वेश, तिच्याही अंगावर तसाच पोशाख. ॲकरमनला वाटलं होतं की अशा संमेलनाला सगळेच असं काही घालून येतील. कुणीच आलं नव्हतं! न्यूयॉर्कच्या रस्त्यातून जाताना पोरं त्याला चित्रकथेतल्या वीरांच्या नावांनी हाका मारत होती, असं तो पुढे आयुष्यभर हसत हसत सांगायचा.

ॲकरमन पुढे फार प्रसिद्ध झाला. मासिकाचा संपादक, मोठा संग्राहक. २००८ साली तो वारला तोवर संमेलनात वेश करून जाण्याची प्रथा सुरू करणारा पहिला माणूस म्हणून त्याचंच नाव घेतलं जायचं. पण ते दोन्ही पोशाख शिवले होते मर्टलने. तिचा आणि त्याचाही.

मी इथे थांबले आणि परत वाचलं. म्हणजे तिने नमुना काढला, कापड बेतलं, शिवलं आणि स्वतःही घातलं, आणि 'पहिला' म्हणून नाव मात्र त्याचं. मर्टल १९६४ साली वारली. 'मोरोजो' या टोपणनावाने ती ओळखली जायची. वाचकांची छोटी हौशी मासिकं काढण्यातही तिचा मोठा हात होता. आता अलीकडे जाणकार तिला या कलेची आई म्हणू लागले आहेत, पण हे सगळं तिच्यामागे बऱ्याच वर्षांनी.

तिने काम किती अवघड केलं असेल ते आपल्याला कळेल. पोशाखाचा आधार होता फ्रँक पॉल या चित्रकाराने मासिकांसाठी काढलेली चित्रं आणि 'थिंग्ज टू कम' हा १९३६ सालचा चित्रपट. चित्रात काय दिसतं? फक्त समोरची बाजू. पाठीमागे काय आहे, गळा कुठे उघडतो, बटण आहे की हूक, झगा खांद्यावर कशाने थांबतो, हे चित्रकार सांगत नाही, त्याला सांगायची गरजही नसते. ते शिवणारीला ठरवावं लागतं. मासिकातलं ब्लाऊजचं चित्र दाखवून "अस्संच शिवून दे" म्हणणारी मैत्रीण प्रत्येकीला भेटलेली असते. तेच काम हिने केलं, फक्त शंभर वर्षांनंतरच्या माणसाच्या कपड्यांचं.

पुढच्या वर्षी, १९४० साली, संमेलन शिकागोला झालं आणि तिथे पहिल्यांदा वेशांची रीतसर स्पर्धा ठेवली. पहिला आला डेव्हिड काइल. त्याने 'मिंग द मर्सिलेस' या दुष्ट सम्राटाचा वेश केला होता. आणि तो पोशाख केला होता कुणी? लेस्ली पेरी या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका तरुणीने. बक्षीस त्याला आणि टाके हिचे.

दोन वर्षांत दोनदा तेच. मी लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, तू का चिडतेस?" मी म्हटलं, चिडले नाही गं, आत्या आठवली. आत्याचं सांगते, पण थोडं पुढे.

अमेरिकेत हे रुजलं त्याचं एक कारण म्हणजे घराघरांतलं शिवण. १८६३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला सुरुवात केली. बायकोने तक्रार केली होती म्हणे, की मुलाच्या मापाचा नमुनाच मिळत नाही. पातळ कागदाचे ते नमुने टपालाने घरोघर गेले. दुकानात जाऊन शिवून घेणं न परवडणाऱ्या बायका घरी बसून चांगले कपडे शिवू लागल्या. मर्टलची पिढी हे बघत मोठी झाली होती, त्यात मंदीची वर्षं. तयार नमुना कसा वाचायचा हे ज्या बाईला येतं, ती नसलेला नमुनाही काढू शकते.

१९६६ साली दूरदर्शन संचावर 'स्टार ट्रेक' मालिका आली. अंतराळयानातल्या माणसांची ही गोष्ट तीन वर्षांत बंद पडली, पण बघणारे तिला विसरले नाहीत. १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला त्या मालिकेच्या चाहत्यांचं संमेलन झालं. काही शे लोक येतील असा अंदाज होता, आले तीन हजारांच्या आसपास! त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या आणि कित्येकींनी यानावरचे गणवेश घरी शिवून आणले होते. १९७५ साली तर या मालिकेतल्या यानांची, उपकरणांची माहिती देणारं एक पुस्तक निघालं, त्यात गणवेश बेतायचे नमुनेही छापले होते. बघा, बटरिकचा कागदी नमुना अंतराळात पोचला.

त्याच काळातला एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७२ सालच्या लॉस एंजेलिसच्या जागतिक संमेलनात एका चित्रकाराने आपल्याच चित्रकथेतल्या एका घाणेरड्या पात्राचा वेश केला, आणि अंगाला काय लावलं? पीनट बटर, म्हणजे आपलं शेंगदाण्याचं लोणी! दिव्यांच्या उष्णतेने ते वितळलं, वास सुटला, शेजारच्यांच्या कपड्यांना लागलं. तेव्हापासून तिकडच्या स्पर्धांत नियमच आला की अंगाला शेंगदाण्याचं लोणी लावून यायचं नाही. दुसऱ्याच्या मेहनतीला डाग लागू नये, एवढाच त्याचा अर्थ. अन्नाची अशी नासाडी बघून माझ्या सासूबाई काय म्हणाल्या असत्या, ते लिहीत नाही.

आता जपान. लोक समजतात कॉस्प्ले मूळचा जपानी आहे. वेश करण्याची हौस तिकडे उमलली खरी, पण उशिरा. २१ डिसेंबर १९७५ ला टोकियोत हौशी चित्रकथांचा एक बाजार भरला. नाव 'कॉमिक मार्केट', लोक 'कॉमिकेट' म्हणतात. पहिल्या दिवशी बत्तीस गट आणि साधारण सातशे माणसं, त्यातही बहुतेक शाळकरी मुली. आज तोच बाजार लाखोंचा आहे. १९७८ साली हाकोनेजवळ झालेल्या विज्ञानकथा संमेलनात मारी कोतानी ही तरुणी एका मंगळकथेच्या मुखपृष्ठावरच्या बाईचा वेश करून आली. बघणाऱ्यांना वाटलं ती एका जपानी कार्टूनमधलं पात्र आहे! पुढे ती मोठी समीक्षक झाली. त्यानंतर जपानी मुलामुलींनी कार्टूनमधल्या पात्रांचे वेश करायला सुरुवात केली.

पण याला म्हणायचं काय? इंग्रजीत 'मास्करेड' म्हणत. त्याचा जपानी अनुवाद केला की राजवाड्यातल्या श्रीमंतांच्या मेजवानीसारखं वाटायचं. घरी मशीनवर शिवून लोकल गाडीने येणाऱ्या मुलींना तो शब्द कसा शोभणार? १९८३ साली 'माय ॲनिमे' मासिकाच्या जूनच्या अंकात नोबुयुकी ताकाहाशी यांनी 'कोसुपुरे' हा शब्द वापरला. 'कॉस्च्युम' आणि 'प्ले' या दोन इंग्रजी शब्दांची डोकी जोडून केलेला. ताकाहाशी १९८४ साली अमेरिकेतलं संमेलन बघून आले आणि मग शब्द सुचला, असं पुष्कळ ठिकाणी सांगतात, पण छापलेला शब्द त्याच्या आधीचा आहे. हा शब्द परत इंग्रजीत गेला तो 'कॉस्प्ले' होऊन. २००३ पासून जपानमधल्या नागोया शहरात याचं जागतिक संमेलन भरतं. आपल्याकडे २०११ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या 'दिल्ली हाट'मध्ये पहिलं 'कॉमिक कॉन' झालं, पुढे मुंबई आणि इतर शहरांत. माझी लेक निघाली होती ती अशाच एका संमेलनाला.

अमेरिकेतली एक गोष्ट मात्र मला सगळ्यात आवडली. १९८३ साली सॅन दिएगोला 'कॉस्च्युम-कॉन' नावाचं संमेलन सुरू झालं, खास पोशाख करणाऱ्यांसाठीच. त्याच सुमारास स्पर्धांमध्ये नवशिके, मधले आणि निष्णात अशा पायऱ्या आल्या, म्हणजे पहिल्यांदा सुई धरलेल्या मुलीला वीस वर्षं शिवणाऱ्या बाईशी झुंजावं लागत नाही. आणि रंगमंचावरच्या मिरवण्याशिवाय एक वेगळी तपासणी आली. पडद्यामागे परीक्षक पोशाख जवळून बघतात. आतली शिवण बघतात, अस्तर बघतात, कडा कशा बंद केल्या ते बघतात. कुठला भाग कुणी केला हे विचारतात. बाहेरून दिसणाऱ्या झगमगाटाला एक बक्षीस आणि आतल्या टाक्याला वेगळं बक्षीस. मर्टलच्या न्यूयॉर्कनंतर चाळीसेक वर्षांनी शिवणारीला विचारलं गेलं की हे कुणी केलं.

आता आमच्या घरातलं काम सांगते, तुमच्यापैकी कुणाच्या मुलांना हवं असेल तर उपयोगी पडेल.

जुन्या काळी असले पोशाख करायचे म्हटलं की चामडं, पिसं, केसाळ कातडी, रेशीम हे यायचंच. चिकटवायला सरस, तो जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतो. चमकणाऱ्या टिकल्यासुद्धा १९३० च्या सुमारास जिलेटिनच्या असत, पाणी लागलं की विरघळायच्या. म्हणजे आपल्यासारख्यांनी लांबच राहायचं. आज हे सगळं प्लास्टिकचं झालं आहे. ते काही फार पवित्र नाही, त्याचा कचरा होतोच. पण जुनी चटई कापून बूट केले तर निदान नवं काही जन्माला घातलं नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

त्या चटईचा फोम म्हणजे ईव्हीए, ज्याच्या स्लिपर होतात त्याच जातीचा. आधी पायावर जुना पायमोजा चढवायचा, त्यावर स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळायची, वरून कागदी चिकटपट्टी लावायची. मग पेनाने जिथे शिवण हवी तिथे रेघा काढायच्या, रेघेवर जपून कापायचं, की सपाट नमुना हातात. आपण बेतताना कागदावर आखतो, ही मुलं अंगावरच आखतात. मला फार पटलं ते.

पहिली चूक माझी. कापडाला आपण शिवणीसाठी माया ठेवतो. मी म्हटलं इथेही ठेव. फोमला ती लागत नाही, कारण कडेला कड चिकटते. पण जाडी धरावी लागते. नमुना पायाला बरोबर होता, फोम एक सेंटिमीटर जाड. बूट चिकटवून झाल्यावर पाय आतच जाईना! दोन दिवसांचं काम वाया गेलं. दुसऱ्यांदा बाहेरून जाडीचा हिशेब धरून नमुना वाढवला.

दुसरी चूकही माझीच. फोम गरम हवेच्या यंत्राने तापवला की मऊ होतो, हवा तसा वाकवून थंड होईपर्यंत धरला की तसाच राहतो. मी यंत्र एका जागी धरून ठेवलं. तुकडा पापडासारखा वळला आणि वर चकाकी आली. हात सारखा फिरता ठेवायचा, पापड भाजताना ठेवतो तसाच. बघा, येत असूनही चुकले.

चिकटवायला चपला-बूट दुरुस्त करणारे वापरतात तो पिवळा गोंद. दोन्ही कडांना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मग एकदाच जोडायचं. जोडलं की सुटत नाही, म्हणून आधी खुणा करून घ्या. वास उग्र असतो, खिडक्या उघड्या ठेवा, आणि फोम घासताना तोंडावर मास्क हवाच. लहान मुलं जवळ नकोत. रंग देण्याआधी पांढरा फेव्हिकॉल पाण्यात थोडा सैल करून तीन-चार हात दिले की छिद्रं बुजतात, मग ॲक्रिलिक रंग छान बसतो. तपकिरी रंगावर घड्यांच्या जागी थोडा काळपट रंग पुसला, आणि बूट इतके चामड्याचे दिसू लागले की सासूबाईंनी उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगितले! हातात घेऊन बघितल्यावर हसल्या आणि मग स्वतःच आत आणले.

आता आत्याची गोष्ट.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. माझ्या माहेरच्या गावी पंचकल्याणक महोत्सव होता. इंद्र-इंद्राणी व्हायला तीसेक जोडपी बसली होती. त्यांचे सगळ्यांचे मुकुट, हार, बाजूबंद आत्याने केले. दोन महिने आमचं माजघर पुठ्ठ्याने आणि सोनेरी कागदाने भरलं होतं. सरस चालणार नाही, म्हणून गव्हाच्या पिठाची खळ. त्यात मोरचूद घालायची, म्हणजे कीड लागत नाही, म्हणजे पुढे जीव मरत नाहीत. रेशीम नाही, सुती कापडावर जर लावलेली. मुकुट कपाळाला टोचू नये म्हणून आतून जुन्या मऊ धोतराचं अस्तर, प्रत्येकाला. ते अस्तर कुणाला दिसणार होतं? पण तिने लावलं.

महोत्सव थाटात झाला. बोली घेतलेल्यांची नावं फलकावर लागली, आणि त्यात चूक काही नाही, त्यांच्या दानामुळेच कार्य झालं. आत्याचं नाव कुठेच नव्हतं. मी तिला विचारलं, "आत्या, तुझं नाव का नाही गं?" ती म्हणाली, "देवाच्या कामाला नाव कशाला? मान वाढतो."

मान हा कषाय आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आत्याचं उत्तर बरोबर होतं, आणि तरी मला ते इतकी वर्षं टोचत राहिलं. मर्टलबद्दल वाचताना मला कारण कळलं. आत्याने नाव मागितलं नाही, हा तिचा धर्म. पण तिला विसरलो, हा आपला धर्म नव्हे. आणि नाव गेलं की त्याबरोबर विद्याही जाते. कुणी केलं हेच माहीत नसेल, तर कसं केलं हे विचारायला जायचं कुणाकडे? लेकीला नाउसिकाच्या टोपीची कमान जमेना, तेव्हा मी आठवायचा प्रयत्न केला की आत्या मुकुटाची कमान कशी उभी करायची. मला आठवेना. मी तिच्या शेजारी बसून टिकल्या निवडायचे, बघितलं मात्र काहीच नव्हतं.

मग आम्ही दोघी तिच्याकडे गेलो. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. हात थरथरतात, दुपारनंतर कमी दिसतं. लेकीने पिशवीतून बूट काढून तिच्या मांडीवर ठेवला. आत्याने तो वरून बघितलाच नाही. सरळ उलटा केला आणि आतली जोड बोटाने चाचपली.

"जाडीचा हिशेब धरलास का?"

"दुसऱ्यांदा धरला," लेक म्हणाली.

"पहिल्यांदा सगळेच चुकतात. कमानीला तार आतून घाल, पुठ्ठ्याच्या दोन पदरांत. वरून लावलीस तर वळते." आणि तिने कागदाचा कपटा घेऊन दुमडून दाखवलं. तासभर दोघी बोलत होत्या. मी चहा केला.

संमेलनात लेकीला बक्षीस मिळालं नाही. नवशिक्यांच्या गटात होती, तिच्याहून चांगलं काम करणारी मुलं होती. पण स्पर्धेच्या अर्जावर एक ओळ होती, पोशाख कुणी तयार केला. तिने स्वतःचं नाव लिहिलं, खाली 'शिवण: आई', आणि त्याखाली 'टोपीची कमान: आईची आत्या'. परीक्षक बाईंनी ती ओळ वाचून टोपी उलटी करून बघितली म्हणे.

मैत्रिणींनो, एक विनंती. तुमच्याही घरी ट्रंकेत, माळ्यावर असे मुकुट, हार, तोरणं असतील. कुणा आजीने, काकीने, जावेने केलेली. ती केली कुणी, हे ती बाई किंवा तिला बघितलेलं कुणी आहे तोवर विचारून घ्या आणि आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा. फलकावर नको, आतच. जमलं तर कसं केलं तेही मुलीला शिकवायला सांगा. मुलगाही चालेल, कात्री त्यालाही धरता येते.

आत्याकडे त्या महोत्सवातला एक मुकुट अजून आहे, सोनेरी कागद काळा पडलेला. निघताना लेकीने तो उलटा केला आणि धोतराच्या अस्तरावर आत्याचं नाव आणि साल लिहायला लागली. आत्या म्हणाली, "कशाला गं?" पण लिहून होईपर्यंत तिने मुकुट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता, हलू नये म्हणून.

जय जिनेंद्र.